पुढचे पाटे, डावा आणि उजवा

२ ऑक्टोबर १९३७, शनिवार. हिंगोली

अठरा दिवस लिहिलं नाही, माफी असावी. कोणाची माफी मागतो ते मलाच ठाऊक नाही. हैदराबादच्या मोटार-कारखान्यात पहिली वही दिली तेव्हा थोरल्या मिस्त्रीनं बजावलं होतं, खाडा झाला की पहिल्या ओळीत माफी लिहायची, म्हणजे पुढच्या खाड्याची लाज वाटते. ती सवय राहिली.

साखऱ्याला थोरली बहीण गेली. तेरावा उरकून काल आलो. आज मोटारखान्याचं दार उघडलं आणि डोकं फिरलं. जहागीरदारांच्या वाड्यातल्या धाकट्या सरकारांची दोन सीटांची विलायती गाडी ठोकळ्यांवर. पुढची चाकं नाहीत, आस नाही, पुढचं वजन झेलणारे पोलादी पानांचे पाटे नाहीत. नट, बोल्ट, पाचरी, चकत्या, सगळं एका घमेल्यात, मिसळीसारखं कालवलेलं.

हे काम माझ्या लेकाचं. माणिकचं (पुढं मा.). अठ्ठावीस वर्षांचा घोडा, सरकारांचा ड्रायव्हर. मी साखऱ्याला असताना धाकट्या सरकारांनी (पुढं ध.स. लिहीन) स्वतः चालवत बाळापूरच्या अलीकडल्या नाल्यात गाडी घातली. बैलगाड्यांच्या चाकोरीत आदळून एका पाट्याचं मोठं पान तुटलं. बैल लावून गाडी घरी आणली. इथवर कोणाचा दोष नाही. पण मी येईपर्यंत चार दिवस कळ काढायची, तर यानं सगळं खोलून ठेवलं.

"लिहून ठेवलं का कोणतं कुठलं?"

"ध्यानात हाय माझ्या."

"मग सांग, तुटलेला पाटा डावा का उजवा?"

म्हणतो, "उजवाच असंल." ध.स. म्हणतात डावा.

खोलताना लिहायचं, बसवताना तेच खालून वर वाचायचं. एवढं एकच शिकवलं होतं त्याला मी. एकच.

४ ऑक्टोबर, सोमवार

दिवसभर घमेलं निवडलं. रॉकेलमध्ये धुऊन सतरंजीवर ओळी लावल्या. एक नट जास्तीचा निघाला. कुठला? गाडीचा की माझ्या फळीवरचा? जेवलो नाही. घरची म्हणाली, "एका नटापायी उपास काहून? खंडोबाचा वार तरी असता."

ध.स. सकाळी येऊन गेले. हैदराबादेत सरदार लोकांच्या मोटारींची शर्यत आहे, दिवाळीनंतर पुढच्याच रविवारी. तिथं ही गाडी न्यायची. ध.स. चालवणार, माणिक शेजारी. म्हणाले, "मिस्त्री, तुमच्यानं होतं का, का सरळ हैदराबादच्या कारखान्यात टाकू? मग इथं मोटारखाना ठेवण्यात तरी काय मतलब?"

मोटारखाना म्हणजे माझं काम, आणि त्यामागच्या दोन खोल्या म्हणजे माझं घर. पण खरं भ्या त्याचं नाही. बैलगाडीचं पुढचं चुकलं तर गाडी कलंडते, माणूस उठून धोतर झटकतो. ही साठ मैलांनी पळते. पुढची आस चुकली तर चाकं डुलायला लागतात, हातातलं चक्कर ऐकत नाही. आणि आत माझं पोरगं.

हे मी त्याला बोललो नाही. बोललो ते दुसरंच, गाढवा वगैरे.

६ ऑक्टोबर, बुधवार

दोन्ही पाटे जमिनीवर उलटे ठेवून मापले. तुटलेला जुळवून धरला. साबूत पाटा त्याच्यापेक्षा बोटभर उंच. म्हणजे दोन्ही सारखे नाहीत. चालवणारा उजवीकडं बसतो, एकटाही बसतो, म्हणून विलायतेत उजवा पाटा उंच भरतात. म्हणजे साबूत तो उजवा, तुटका तो डावा. ध.स. बरोबर, मा. चूक.

मा.ला बोलावून दाखवलं. खाली वाकून बघितलंसुद्धा नाही. "बोटभरानं काय होऊन राहिलं, बा? रस्ता तर हातभर वर-खाली हाय."

पाना फेकून मारणार होतो. फेकला नाही. विलायती पाना आहे.

७ ऑक्टोबर, गुरुवार

तुटलेलं पान हुसेनभाईकडं दिलं. शेख हुसेन, लोहार, बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा चढवण्यात या मुलुखात त्याला तोड नाही. माझ्याच वयाचा. पंधरा वर्षांची बैठक आमची. लॉरीचा जुना पाटा होता त्याच्याकडं, त्यातून पान काढतो म्हणाला. मी डोक्यावर उभा. असं तापव, तसं नको, तेलात विझव, पाण्यात नको. हुसेनभाई घण खाली ठेवून म्हणाला, "मिस्त्री, लोहे पे काय कू चिल्लाते? ये तुम्हारा पोट्टा नै."

त्याच्या हाताखालचे हसले. मी उठून आलो.

९ ऑक्टोबर, शनिवार

पाचरीचा घोळ. पाटा आणि आस यांच्यामधे दोन्हीकडं एकेक लोखंडी पाचर असते, चपटी, एका अंगाला जाड, दुसऱ्या अंगाला पातळ. तिनं आस किंचित मागं कलते आणि चाक सुटलं तरी आपोआप सरळ होतं. उलटी बसली तर चाक वाट्टेल तिकडं तोंड वळवतं. जाड अंग मागं का पुढं? हैदराबादेत शंभर वेळा बसवली असेल. आज आठवेना. म्हातारपणाचा राग येतो तो याचा. गुडघ्यांचा नाही.

गवंड्याकडून ओळंबा आणला. आस पाट्याखाली टेकवून, पाचर दोन्ही तऱ्हेनं सरकवून बघितली. चाक ज्या किंगपिनेवर वळतं तिचा माथा चालवणाऱ्याकडं झुकला पाहिजे. जाड अंग मागं ठेवलं की झुकतो. लिहून ठेवलं. खडूनं भिंतीवरही लिहिलं. मा.नं वाचलं आणि म्हणाला, "भित्ताडाला शिकवून राहिलात का?"

१३ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. हुसेनभाईकडून पान आलं, सुरेख झालं आहे, मी तसं बोललो नाही. हत्यारांची पूजा. पाने, हातोडे, कानशी, छिन्न्या, सगळं घासून मांडलं. यंदा गाडी उघडीच होती म्हणून तिचे भागही ताटात ठेवले: किंगपिना, पाचरी, लाकडी चकत्या. गाडीचेही हातपायच ते, त्यांना का वगळायचं? घरचीनं करडईच्या तेलाचा हात फिरवून हळद-कुंकू, झेंडू वाहिला. मोटारखाना देवळासारखा दिसत होता. घटकाभर डोकं शांत.

मा. नमस्काराला आला, हत्यारांना केला, मला नाही.

१४ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. ध.स. सोनं द्यायला मोटारखान्यात आले. आपट्याचं पान हातात ठेवून म्हणाले, "मिस्त्री, सोनं दिलं, आता गाडी द्या." बरोबरचे पाहुणे हसले. मीही हसलो. का हसलो?

१६ ऑक्टोबर, शनिवार

गाडी बसवली. भांडण झालं.

पाट्याच्या टोकाला रबरी बुश असतात, त्यातून बोल्ट जातो. मा. गाडी ठोकळ्यावर उचललेली असतानाच बोल्ट करकचून आवळायला लागला. मी ओरडलो. हवेत लटकलेल्या पाट्याचं रबर आवळलं की गाडी खाली आल्यावर ते पिळलेलंच राहतं, महिन्यात फाटतं. आधी गाडी चाकांवर उतरवायची, माणसांचं वजन द्यायचं, मग आवळायचं.

"माणसं कुठून आणू?"

जोंधळ्याची दोन पोती दोन सीटांवर ठेवली. एक ध.स., एक माणिक. पोत्यांना बसवून बोल्ट आवळले. मा. म्हणाला, "पोतं माझ्याहून शहाणं दिसून राहिलं तुमाला." मी म्हणालो, "निदान खोलाखोल तरी करत नाही."

हे बोलायला नको होतं. पण बोललो, आणि बरं वाटलं.

शेवटी चकत्या बसवल्या. कात्रीसारखे दोन लोखंडी हात, एक चेसीला, एक आसेला, आणि मधे लाकडी चकत्या दाबून धरलेल्या. गाडी उडाली की चकत्या एकमेकींवर घासतात आणि उडणं जिरवतात.

१८ ऑक्टोबर, सोमवार

नाक कापलं.

औंढ्याच्या रस्त्यावर गाडी काढली. मा. चालवायला, शेजारी ध.स., मी मागून छकड्यात. वीस मैलांपर्यंत ठीक. तीसला गेली आणि पुढचं अंग बेडकासारखं उडायला लागलं. एकदा उडालं की थांबेचना. मग दोन्ही चाकं डुलायला लागली, हे लांबूनही मला दिसलं. मा.नं गाडी बाजूच्या तुरीत उतरवली. कोणाला लागलं नाही.

मी पोचलो तर ध.स.चा आवाज वर चढलेला. "माणक्या, तूच खोलली ना ही? विचारल्याबिगर खोलली. आता भोग फळं." मग माझ्याकडं बघून, "मिस्त्री, तुमच्या लेकानं वाट लावली." मा.च्या हातातली किल्ली काढून घेतली. त्याला पायी येऊ दिलं. तीन मैल.

मी छकड्यात. त्याला बस म्हणालो नाही. मनात म्हणत होतो, बरी अद्दल घडली. म्हटलं होतं लिहून ठेव.

२० ऑक्टोबर, बुधवार

पुन्हा खोलली. या वेळी मी लिहितोय, एकेक. पाचर बरोबर, जाड अंग मागंच. ओळंबा पुन्हा लावला, बरोबर. किंगपिना बरोबर. बुश बरोबर. जास्तीचा नट माझ्याच फळीवरचा होता, तेही कळलं. उंच पाटा उजवीकडंच.

मग उरतं हुसेनभाईचं पान. मऊ पडलं असणार. भट्टीवर जाऊन चारचौघांत म्हणालो, "पान आहे का केळीचं पान आहे?" हुसेनभाई उठला नाही. भाता ओढत राहिला. मग म्हणाला, "मिस्त्री, पंधरा बरस में तुम पैली बार झूठ बोले." आणि पाठ केली.

२१ ऑक्टोबर, गुरुवार

त्याचं पान वाकवून बघितलं. दोन गडी उभे केले त्यावर. दबलं, आणि सोडल्यावर केसभरही खाली न राहता जागेवर आलं. पान उत्तम.

मग काय? काय?

मा. मोटारखान्यात येत नाही. ध.स.नी मनाई केली आहे. ओट्यावर बसून असतो. आईशी बोलतो, माझ्याशी नाही. घरची मधे निरोप्या. "त्यानं इचारलं, काही सापडलं का." मी म्हणालो, "त्याला सांग, सापडायला हरवणाऱ्यानं ठेवावं लागतं." तिनं निरोप सांगितला नाही. बरं केलं.

२३ ऑक्टोबर, शनिवार

सापडलं. लिहायला हात धजत नाही.

चकत्या सोडवल्या. चिमटीत धरली तर बोट घसरलं. नाकाशी नेली. करडईचं तेल. लाकडाच्या रेषांत हळद. पिवळी.

या चकत्या कोरड्या हव्यात. खडखडीत कोरड्या. सगळ्या गाडीत तेल न लागणारा हा एकच भाग. घासणंच त्यांचं काम. तेल लावलं की त्या नुसत्या फिरतात, धक्का धरतच नाहीत. म्हणून गाडी बेडकासारखी उडत होती.

घरात जाऊन तोंडाला येईल ते बोललो. ती भाकरी थापत होती. थापतच राहिली. मग म्हणाली, "ताटात कोणी आणून ठेवल्या? मी गेले होते का गाडीच्या पोटातून काढाया? मला काय ठावं, कोणत्या देवाला तेल चालत न्हाई."

मी ठेवल्या. मीच. वहीत लिहिलेलंसुद्धा आहे, माझ्याच हातचं. आमच्या बापजाद्यांनी गाड्यांना वंगण घातलं, लोखंड कोरडं दिसलं की आमचा हात तेलाकडं जातो. पण मी हैदराबादेत वीस वर्षं घालवलेला माणूस. मी मिस्त्री.

ती म्हणाली, "पोराला सांगा." मी बाहेर आलो. तो ओट्यावर बसला होता, पायाला फोड आलेला होता त्या दिवशीचा, त्याला पट्टी बांधत होता. मी त्याच्या समोरून गेलो.

सांगितलं नाही.

२४ ऑक्टोबर, रविवार

चकत्या सोड्याच्या पाण्यात उकळल्या, राखेत पुरल्या, उन्हात टाकल्या. ऊन लागलं की तेल परत वर येतं. लाकूड एकदा प्यालं की सोडत नाही. नव्याच कराव्या लागणार.

ध.स. आले. "कळलं का मिस्त्री, कुठं वाट लावली पोरानं?"

म्हणालो, "होईल बरोबर, सरकार."

एवढंच म्हणालो. हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. चौसष्ट वर्षांचा माणूस. थू.

२५ ऑक्टोबर, सोमवार

हुसेनभाईकडं गेलो. चकत्यांना लाकूड पाहिजे, वीस वर्षांचं वाळलेलं, बाभळीचं. असं लाकूड गावात त्याच्याच अंगणात, मोडक्या चाकांच्या ढिगात. शिवाय माफी मागायची होती. दारातच उभा राहिलो.

"मैं तुमसे बात नै करता," तो म्हणाला. "लकडी से करता. क्या होना लकडी को?"

मी सांगितलं. त्यानं चाकाचा मधला तुंबा उचलला. म्हणालो, तुंबा नको, तो वंगण पिऊन बसलेला असतो. पुट्ठा दे, चाकाच्या कडेचा, त्याला कधी तेल लागलेलं नाही. तो थांबला. माझ्याकडं बघितलं. हुशार माणूस.

"तेल लगा था क्या?"

"हौ."

"किसने लगाया?"

मी पुट्ठ्याकडं बोट दाखवलं. तो हसला नाही, हे मला जास्त लागलं. पुट्ठा माझ्या हातात देऊन म्हणाला, "मेरा पान केले का नै था, इत्ता तो बोलो."

"न्हाई हुसेनभाई. न्हाई."

"बस. अब पोट्टे को बी बोलो."

म्हणजे त्याला सगळं कळलं.

२८ ऑक्टोबर, गुरुवार

सुताराच्या लाकूड कातायच्या चरकावर चकत्या उतरवल्या. वीस, एका मापाच्या. हात धुऊन, राखेनं पुसून बसवल्या. कोणाला जवळ येऊ दिलं नाही, घरचीला तर दारातही नाही. जोंधळ्याची पोती पुन्हा सीटांवर. यू-बोल्ट, आस पाट्याला धरून ठेवतात ते, मी स्वतः आवळले.

ध.स.नी औंढ्याच्या रस्त्यावर पन्नासला नेली. मी दोन मैलांच्या दगडापाशी उभा. समोरून गेली ती पाण्यावरून गेल्यासारखी. खड्डा आला, पुढचं अंग एकदा दबलं, एकदा उठलं, बसलं. संपलं.

रडू आलं. लगेच राग आला, रडू आल्याचा.

ध.स. खूश. "मिस्त्री, तुम्ही आहात तोवर ठीक आहे. माणक्याला परत घेतो, पण शर्यतीपुरता. पुढं बघू. असले आगाऊ हात मला नकोत." आणि मी मान हलवली.

२९ ऑक्टोबर, शुक्रवार

माणिकनं आईला सांगितलं की हैदराबादेत कुणी ओळखीचे आहेत, शर्यत झाली की तिथंच राहतो. इकडं येत नाही. मला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

मी अंगणातून ओरडलो, "राहा! तिथं तरी लिहून ठेवायला शिकवतील!"

तो बाहेर आला. म्हणाला, "बा, मी चुकलो. खोलताना लिव्हलं न्हाई, हे चुकलं. पण बसवताना तुमी हुतात. मंग गाडी उडली ती माझ्यापायी कशी, एवढं सांगा."

वेळ होती ती. दोन शब्द होते. घरची दाराआडून माझ्याकडं बघत होती.

मी म्हणालो, "सरकारांना विचार."

३० ऑक्टोबर, शनिवार

सकाळी सात वाजता गाडी गेली. मुक्काम नांदेडला, ध.स.च्या मामांकडं. तिथून हैदराबाद. माणिक आईच्या पाया पडला, तिनं दिलेला डबा घेतला. माझ्याजवळ आला तेव्हा मी टायरमधली हवा बघत खाली बसलो होतो. तो थोडा थांबला आणि गाडीत बसला. मी वर बघेपर्यंत कयाधू नदीच्या उताराला धूळ.

दुपारी बारा वाजता भाकरी तोंडात असताना आठवलं.

यू-बोल्ट. नवं पान घातलं की पाटा पहिल्या पन्नास मैलांत बसतो, केसभर दबतो, आणि त्यावर आवळलेले यू-बोल्ट तेवढे ढिले पडतात. पन्नास मैलांवर थांबून दोन्हीकडचे सगळे नट पुन्हा आवळायचे. कारखान्यात हा नियम होता. न आवळले तर आस पाट्यावर सरकते. आधी थोडी. मग एकदम.

औंढ्याच्या फेऱ्या धरून फार तर पंधरा मैल झाले होते, पन्नास नांदेडला पोचेपर्यंत भरणार. हे मला माणिकला सांगायचं होतं. परवापासून सांगायचं होतं. त्याला ठाऊक असायचं कारण नाही, मी कधी शिकवलंच नाही. आणि मी काय केलं? टायर बघत बसलो.

तसाच पोस्टात गेलो. तार करायची आहे म्हणालो. तारबाबू चष्म्यावरून बघत म्हणाला, "कौन गुजर गया, मिस्त्री?"

"अजून कोणी न्हाई. लवकर लिहा."

"यू-बोल्टचे नट आवळ, दोन्हीकडचे, निघण्याआधी." त्यानं इंग्रजी केली. वाचून दाखवली, मला काय कळतंय. म्हणालो, बराबर आहे ना? तो म्हणाला, "बराबर आहे, पण नांदेडवाल्याला कळंल का, हे माझं काम नाही."

३१ ऑक्टोबर, रविवार

तार पोचली का? मामांच्या वाड्यावर तार घेऊन कोण येणार, कोणाच्या हातात देणार? ध.स.च्या हाती पडली तर हसून खिशात घालतील. ते पहाटे निघणार होते. तार नंतर पोचली तर?

तारबाबूकडं दोनदा जाऊन आलो. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मिस्त्री, तार परत येत नसते. जा घरी."

त्याच्या अंगावर ओरडलो. त्याचा काही दोष नाही. या महिन्यात ज्यांच्या अंगावर ओरडलो त्यांतल्या कोणाचाच नव्हता.

२ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळी. पणत्या लागल्या. आमच्या ओट्यावर घरचीनं दोनच ठेवल्या. माझ्याशी बोलत नाही. हुसेनभाई फराळाला येतो दरवर्षी, आला. ताट समोर घेऊन बसला, खाल्लं नाही. म्हणाला, "खबर?" नाही म्हणालो. म्हणाला, "मेरा लोहा पकडेगा, मिस्त्री. लोहे का मेरे पे छोडो." मी म्हणालो, लोखंडाचा प्रश्न नाही, हुसेनभाई. तो आस्ते म्हणाला, "मालूम है."

काल हैदराबादेत पोचायला हवेत. पोचले असतील तर एव्हाना कार्ड टाकलं असेल. रागावला असला तरी आईला टाकेल. टाकेल ना?

४ नोव्हेंबर, गुरुवार

कार्ड नाही. तार नाही. आज पत्र लिहिलं, ध.स.च्या हैदराबादच्या बंगल्याच्या पत्त्यावर टाकलं. शर्यत रविवारी. शनिवारपर्यंत मिळेल असं पोस्टात म्हणतात. चौथीपर्यंत शिकलेला माणूस, दोन तास लागले. नक्कल ठेवतो.

"चि. माणिक यास आशीर्वाद. पुढचं वाचण्याआधी गाडीखाली जा. पाट्याखालचे यू-बोल्टचे नट, दोन्हीकडचे, मोठ्या पान्यानं आवळ. गाडी चाकांवर असू दे, ठोकळ्यावर नको. आवळून झाल्यावर पुढं वाच.

आवळले असं धरून लिहितो. गाडी औंढ्याच्या रस्त्यावर उडाली ती तुझ्यामुळं नाही. खंडेनवमीला चकत्या मी ताटात ठेवल्या, त्यांना तेल लागलं. तेल लागलेल्या चकत्या मीच बसवल्या. मला तेवीस तारखेला कळलं. सरकारांनी तुला बोल लावला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण नंतर ठाऊक असून गप्प बसलो. तू विचारलंस तेव्हाही. मोटारखान्याची भीती होती, हे कारण आहे, पण पुरतं नाही. पुरतं कारण मला लिहिता येत नाही.

हे पत्र सरकारांना वाचून दाखव. तू नाही दाखवलंस तर मी दाखवीन, ते आल्यावर. मग मोटारखान्याचं काय व्हायचं ते होवो. तुला ड्रायव्हर ठेवायचं की नाही ते तुझ्या कामावर ठरवावं, माझ्या चुकीवर नको.

हैदराबादेत राहायचं असलं तर राहा. मी आडवा येत नाही. तिथं कोणत्याही कारखान्यात लागलास तर पन्नास मैलांचा नियम विचार, ते सांगतील. मी सांगायला हवा होता.

तुझी आई दोन दिवस जेवलेली नाही. मी जेवतो, पण उतरत नाही. नट आवळले का, एवढंच कळव. एका ओळीचं कार्ड पुरे. रागाचं असलं तरी चालेल, नुसत्या शिव्या असल्या तरी चालतील. पण आजच टाक. लवकर टाक, माणिक."